बद्रीनाथच्या जवाचं सत्त्व

बद्रीनाथने तीन किलो जवांना मोड आणून ते गारखेड्यातल्या फ्लॅटच्या गच्चीवर वाळत घातले, तेव्हाच द्वारकाबाईंनी विचारलं, "हे काय रं, बद्री?"

घरच्या घरी बिअर, असं खरं सांगण्याची सोय नव्हती. आईच्या गळ्यात तुळशीची माळ. सोमवारी ती वैजापूरला परत जाणार होती. तेवढे चार दिवस निभावायचे होते. तो म्हणाला, "पोरीसाठी सत्त्व करतोय, आई."

बाप लेकीसाठी सत्त्व करतो, हे द्वारकाबाईंनी जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. बद्रीनाथचा हिशेब चुकला तो इथे.

शनिवारी तो वाळूजला कंपनीत असताना त्यांनी वाळलेल्या जवांचा डबा उचलला आणि कडूबाची गिरणी गाठली. बिअरचे जव नुसते भरडायचे असतात. सालपट शाबूत राहिलं तरच रस गाळून निघतो. बद्रीनाथ परतला, तर डब्यात मैद्यासारखं पीठ!

"भरडायचं होतं गं!"

"आन् लेकराच्या घशात अडकलं म्हंजे?"



रविवारी आई देवळात गेली आणि वरच्या मजल्यावरचे आप्पासाहेब खाली आले. या बिअरमध्ये त्यांची अर्धी भागी होती. आजवर त्यांनी घातलं होतं फक्त प्रोत्साहन. पुरणाचं पातेलं गॅसवर चढलं. पाणी पासष्ट अंश हवं, आणि घरातला थर्मामीटर तापाचा, बेचाळीसला संपणारा.

"बोट घालून बघा की, बद्रीभाऊ."

"माझंच का? भागी तुमचीबी हाये."

कुणीच बोट न घालता पीठ पडलं आणि त्याची खळ झाली. पुरणाच्या चाळणीतून थेंब पडेना. दोघे चाळण आपटत असतानाच द्वारकाबाई दारात उभ्या.

"येड्यांनो, सत्त्व असं गाळतेत व्हय? पिळावं लागतंय!"

जुन्या लुगड्यात खळ बांधली गेली. एका टोकाला बद्रीनाथ, दुसऱ्या टोकाला आप्पासाहेब. बघता बघता खाली सोनेरी, गोड रस जमला. बद्रीनाथ हरखला. हाच तर हवा होता! आज फ्रिजात ठेवायचा. उद्या आई एसटीत बसली की उकळून यीस्ट घालायचं. तो झाकण शोधायला आत वळला.

बाहेर आला, तोवर द्वारकाबाईंनी वेलदोडा घालून रस मजलाभर वाटला होता. शेवटचा पेला आप्पासाहेबांच्या हातात, आणि शेजारी त्यांची बायको दगडाबाई.

"कसं झालंय?" दगडाबाईंनी विचारलं.

"लई… पौष्टिक."

जव पुन्हा भिजवता येतील, असं बद्रीनाथने मनाला समजावलं. सोमवार काही फार लांब नव्हता.

"बद्री," द्वारकाबाई पदराला हात पुसत म्हणाल्या, "पाच किलो जव भिजू घातलेत. एवढं पिळणं तुला एकट्याला झेपतंय व्हय? उद्याची गाडी सोडली म्या. आता दिवाळी करूनच जाते."

बद्रीनाथने आप्पासाहेबांकडे पाहिलं. आप्पासाहेबांनी रिकामा पेला पुढे केला.

"तळाचं तरी वाढा, मावशी."