रेल्वेवाल्यांचा रविवार

पाटणकर काका मला पहिल्यांदा भेटले ते इंडियन ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये. चेहरा पार उतरलेला. हातात कढीपत्त्याची जुडी, गाडीचं दार सताड उघडं, आणि काका नुसते उभे. आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला नुकतेच राहायला आलो होतो. हे गृहस्थ शेजारच्या टाउनहाउसमध्ये राहतात, एवढंच मला ठाऊक होतं. न राहवून मी विचारलं, "काका, सगळं ठीक ना?"

"कसलं ठीक! हरले. रेल्वेवाले हरले. शेवटी शेवटी गोल खाल्ला हो."

"आज मॅच होती का?"

"आजचीच. म्हणजे, नव्वदेक वर्षांपूर्वीची."

एवढं सांगून काका गाडीत बसले आणि निघून गेले. जुडी गाडीच्या टपावर ठेवली होती ती पहिल्याच वळणावर खाली पडली. मी ती उचलून त्यांच्या घरी पोचती केली आणि अशी आमची ओळख झाली.

काका मूळचे सांगलीचे, मेकॅनिकल इंजिनियर. आयुष्यभर एका कारखान्यात पंप बनवले. शॉप फ्लोअरवर निम्मी माणसं स्पॅनिश बोलणारी, त्यामुळे काकांचं स्पॅनिश त्यांच्या इंग्रजीपेक्षा फर्डं. रिटायर झाल्यावर त्यांना नेटवर चिलीमधली जुनी वर्तमानपत्रं सापडली. तिथल्या फुटबॉलपटूंना उघड उघड पगार मिळायला लागून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं, व्यावसायिक लीगचा तो दुसराच हंगाम. काकांनी तो वाचायला घेतला. पण घाईघाईने नव्हे. दर रविवारी फक्त त्या एका आठवड्याच्या मॅचेस वाचायच्या, पुढचा अंक उघडायचा नाही. चॅम्पियन कोण झालं ते फोनवर चुटकीसरशी कळलं असतं, आणि काकांना नेमकं तेच कळून घ्यायचं नव्हतं.

"अहो काका," मी एकदा म्हटलं, "जगात एवढ्या लाइव्ह मॅचेस चालू असतात. निदान क्रिकेट तरी बघा."

"क्रिकेट!" काका उसळले. "मॅच रेकॉर्ड करून ठेवावी आणि देवळात जावं, तर चपला काढता काढता कोणीतरी म्हणतं, काय धुतलं ना काका! ग्रोसरीत जावं तर काउंटरवरची मुलगी सांगते. परवा डेंटिस्टने सांगितलं. माझं तोंड उघडं, त्यात त्याचं ड्रिल, मी ओरडू पण शकलो नाही! मला अशी टूर्नामेंट पाहिजे होती मीनल, की जिच्यावर अख्ख्या फ्रीमाँटात एकाही मराठी माणसाला मत नसेल."

अशी टूर्नामेंट शोधायला चिलीपर्यंत आणि शिवाय मागच्या शतकात जावं लागलं, यावरून आपल्या लोकांची कल्पना यावी.

क्लबांची स्पॅनिश नावं काकूंच्या जिभेवर बसेनात, म्हणून काकांनी सगळ्यांचं बारसं नव्याने केलं. पट्ट्यांचा शर्ट घालणारे ते पट्टेवाले, हिरवा घालणारे ते हिरवे. एक टीम पोलिसांची होती आणि एक रेल्वेची. काकू भुसावळच्या. वडील रेल्वेत गार्ड. तेव्हा या घराने कोणाच्या बाजूने असायचं हा प्रश्नच नव्हता.

रविवारी पोहे झाले की काका अंकाचं प्रिंटआउट घेऊन दिवाणखान्यात उभे राहत. बसून कॉमेंट्री होत नाही म्हणे. एक ओळ स्पॅनिशमधून वाचायची, मग तिची मराठी कॉमेंट्री, हातवाऱ्यांसकट. तिकडे तेव्हा हिवाळा, मैदानात चिखल. इकडे खिडकीबाहेर फ्रीमाँटचं रणरणतं ऊन आणि सोफ्यावर शैला काकू कासावीस.

"अहो, पोरांना स्वेटर तरी घालायला सांगा."

"सांगतो, हाफ टाइमला सांगतो."

"रेल्वेवाले जिंकतील ना?"

"मला काय माहीत, शैला? बघू या."

या 'बघू या'वर काकू अशा खूश व्हायच्या की बघत राहावं. रेल्वेवाले बहुतेक वेळा हरत. मग दोघंही हळहळत, आणि काका फ्रीजमधून श्रीखंड काढत. जिंकले तरी श्रीखंडच.

कोणी मध्ये तोंड घातलं की काका हात वर करून म्हणत, "पुढचं बोलायचं नाही!" हे त्यांचं ब्रीदवाक्यच होतं आणि ते फुटबॉलपुरतं राहिलं नव्हतं. टीव्हीवर उद्याचं हवामान लागलं, पुढचं बोलायचं नाही. इथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी पुढच्या वर्षीच्या गणपतीचं म्हणाला, पुढचं बोलायचं नाही. काकूंना गेली काही वर्षं विसर पडत चालला होता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या डॉक्टरने एकदा समोर बसवून, आता यापुढे काय काय होत जाईल ते समजावायला सुरुवात केली, तर काकांनी त्यालाही हात वर करून गप्प केलं. हा किस्सा मंडळात पुष्कळ दिवस हसत हसत सांगितला जात होता. मीही सांगितला आहे.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही एका रविवारी बॅकयार्डमध्ये दहा-बारा जणांना जेवायला बोलावलं. ग्रिलवर कणसं भाजत होती. काका प्रिंटआउट घेऊनच आले. हंगाम संपत आला होता. पट्टेवाले आणि हिरवे पुढेमागे, आणि रेल्वेवाले तळाशी धडपडत होते. काकांनी खुर्चीचा आधार घेऊन कॉमेंट्री सुरू केली. लोक हसत होते, ऐकतही होते.

माझ्या नवऱ्याच्या टीममध्ये अनिकेत म्हणून एक मुलगा आहे, पुण्याहून नवीनच आलेला, स्वभावाने अगदी सरळ. त्याला वाटलं, बिचाऱ्या काकांना मदत करावी.

"काका, एवढा सस्पेन्स कशाला, यार? नेटवर आहे ना सगळं." आणि त्याने काकांच्या कागदावरचं वर्ष फोनमध्ये टाकून, शर्टांच्या रंगांवरून टीम ओळखून वाचूनच टाकलं. "पट्टेवाले चॅम्पियन. हिरवे सेकंड. तुमचे रेल्वेवाले पार खाली गेले, काका. सॉरी!"

काकांचा हात वर जायला निघाला होता तो अर्ध्यातच राहिला. काकू म्हणाल्या, "अगं बाई, संपलं पण?" काकांनी कागदाची घडी घातली, काकूंचा हात धरला आणि "चल शैला, घरी जाऊ" म्हणून चालते झाले. कणसं तशीच राहिली.

अनिकेतचा चेहरा रडवेला झाला. "I swear, मला माहीतच नव्हतं की एवढं सीरियस आहे." मला खरं सांगायचं तर काकांचा थोडा रागच आला. एवढ्या मोठ्या माणसाने खेळासाठी इतकं मनाला लावून घ्यावं?

संध्याकाळी मी डब्यात जेवण घालून त्यांच्याकडे गेले. गराज उघडं होतं. आत काका एक जुना पंप खोलून बसले होते, पण हात चालत नव्हते.

"त्या पोराला काही बोलू नकोस," ते म्हणाले. "चांगला मुलगा आहे."

"मग तुम्ही असे का निघून आलात, काका?"

काकांनी पाना खाली ठेवला.

"दिवसभर घरात मला सगळं माहीत असतं, मीनल, आणि तिला काही नाही. जेवण झालं का, मुलगा कुठे असतो, हे घर कोणाचं. ती विचारते, मी सांगतो. सांगून सांगून मी तिचा मास्तर झालोय, नवरा राहिलो नाही. फक्त रविवारी तेवढा तासभर मलाही माहीत नसायचं. ती विचारायची कोण जिंकेल, आणि मी अगदी खरं सांगायचो की मला नाही माहीत. तेवढा वेळ आम्ही दोघं सारखे असायचो गं." मग पाना परत उचलत म्हणाले, "आता तेही मला माहीत झालं."

मी डबा आत नेऊन ओट्यावर ठेवला.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम गेले. काकू त्या दिवशीचं सगळं विसरल्या होत्या. पोहे झाले, काका कागद घेऊन उभे राहिले.

"रेल्वेवाले जिंकतील ना हो?"

"बघू या," काका म्हणाले. अगदी नेहमीसारखे, असं मला वाटलं.

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुम्हाला ठाऊक आहे वाटतं."

सकाळी माझं नाव त्यांना तीनदा विचारावं लागलं होतं. पण नवरा खोटं बोलतोय हे त्यांनी बसल्या जागी ओळखलं. काकांना पुढे वाचवेना. ते त्यांच्याशेजारी सोफ्यावर बसले आणि कॉमेंट्री तिथेच थांबली.

त्या आठवड्यात मी ऑफिसचं काम बाजूला सारून उरुग्वेत शोधाशोध केली. तिथेही त्याच सुमाराला व्यावसायिक लीग सुरू झाली होती आणि तिच्यात रेल्वेतूनच जन्माला आलेला एक जुना क्लब होता. मी पहिला हंगाम धुंडाळला. शेवट नेटवर आधी वाचला, आणि तो वाचूनच हा हंगाम घ्यायचा ठरवला. मला स्पॅनिशचं एक अक्षर येत नाही, पण तारीख बघून पान छापता येतं. दर रविवारी मी एकच पान पाकिटात घालून त्यांच्या घरी नेते. पुढची पानं माझ्याकडे असतात.

"अगं, कशी टीम आहे?" काकू विचारतात. "जिंकतील का?"

मी काही बोलायच्या आत काका हात वर करतात. "पुढचं बोलायचं नाही!" मग काकूंकडे वळून म्हणतात, "मला नाही माहीत, शैला. खरंच नाही माहीत." काकू त्यांचा चेहरा नीट न्याहाळतात आणि त्यांची खात्री पटते. मग दोघं मिळून मैदानावर उतरतात.

मी श्रीखंड खात गप्प बसते. हा हंगाम कसा संपतो ते या घरात फक्त मला माहीत आहे. शेवटच्या रविवारी ते पान घेऊन मी जाईन तेव्हा काकूंना रेल्वे आठवत असेल का, हे मात्र मलाही माहीत नाही.