पंढरी गुरुजींनी बँड सुधारला

"बँड म्हणजे काय हो? तोंडानं वाजवायची लेझीम!" पंढरी गुरुजींनी गळ्यातली शिट्टी सारखी केली. "मला चार दिवस द्या, सर. चौदाच्या चौदा पोरं एकदम उठतील आणि एकदम बसतील!"

हेडमास्तर भगवंतरावांना तेवढंच हवं होतं. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं, अमेरिकेतले इंजिनियर आले आणि त्यांतल्या एकाच्या बायकोनं, डोरथी मॅडमनं, बोईसरच्या या शाळेत बँड काढला. मायदेशाहून पेट्या भरभरून वाद्यं मागवली. वाजवायचं काय, तर जॅझ! भगवंतरावांना ते ऐकताना मांडणीवरची भांडी कोसळतायत असंच वाटे. पण रविवारी कॉलनीच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता, आणि ऐकायला ठाण्याहून शिक्षण खात्याचे मोठे साहेब यायचे होते.

"तालमीला बसा. चुका वहीत टिपा," भगवंतराव म्हणाले. "रविवारी एकही चूक झाली नाही, तर तुम्हाला कायम करा म्हणून साहेबांना सांगतो."

"आणि झाली तर?"

"तर एप्रिलात तुमची ऑर्डर संपते, ती संपलीच समजा!"

गुरुजींनी लगेच नवी वही काढली. सहा वर्षं ते शाळेत कवायत शिकवत होते, आणि सहा वर्षं टेंपररीच होते. दर एप्रिलला नोकरी सुटे, दर जूनला कुणाचे तरी पाय धरून पुन्हा लागे. बायको, रत्नाबाई, कोरेगावला माहेरीच. "कायम झालात की येते," ती म्हणे. "दर उन्हाळ्यात भांडी बांधून हलायला आपली काय सर्कस हाय?"

पहिल्या दिवशी गुरुजी खुर्ची टाकून, वही उघडून तालमीला बसले. मॅडमनी चुटक्या वाजवत चार आकडे मोजले आणि पोरांनी एकदम असा दणका दिला की खिडकीतला कावळा उडाला! गुरुजी दचकले, पण खूशही झाले. सगळे एका ठेक्यात होते. मग अर्ध्यावर बाकीचे थांबले, नुसता ड्रम चालू राहिला, आणि एकच पोरगा ट्रंपेट घेऊन उभा राहिला.

हा चिंतू. नववीतला, डोंगरातल्या पाड्यावरचा. त्याचा बाप सुका लग्नात, दिवाळीत तारपा, म्हणजे भोपळ्याचं फुंकायचं वाद्य, वाजवायचा. चिंतूनं डोळे मिटले आणि फुंकायला लागला. मध्ये दम म्हणून घेईना! गाल फुगलेले, सूर चालूच. गुरुजींनी वहीत लिहिलं, 'ठीक.'

दुसऱ्या दिवशी त्याच जागी चिंतू उभा राहिला आणि भलतंच काही वाजवलं! गुरुजींनी लिहिलं, 'चूक एक.' तिसऱ्या दिवशी तिसरंच! गुरुजींनी लिहिलं, 'चूक दोन.' बाकीची तेरा पोरं रोज तेच वाजवतात, आणि हा पठ्ठ्या रोज विसरतो!

तालीम संपल्यावर ते मॅडमकडे धावले. "मॅडम, दिस बॉय! डेली डिफरन्ट!"

मॅडमचा चेहरा फुलला. "येस! डेली डिफरन्ट! वंडरफुल!"

गुरुजींना भरून आलं. केवढी थोर बाई! परक्या देशातली, पण पोराची चूक पोटात घालते. आता आपणच काय ते बघायला हवं.

त्यांनी चिंतूला व्हरांड्यात गाठलं. "कागद दाखव तुझा. काय लिहिलंय या जागी?"

"काय नाय, गुरुजी. तवडी जागा मोकलीच हाय."

खरंच! वरखाली मुंग्यांसारखी चिन्हं, आणि मध्ये स्वच्छ कोरा पट्टा.

"मग तू वाजवतोस काय?"

"सुचल ते."

"सुचल ते? रोज नवं?"

"आमचा बा बोलतो, काल वाजवला ता आज वाजवायचा नाय. नाचनारे कंटालतात. त्यांचे पाय बघायचे, न् सूर फिरवायचा." चिंतू खुशीत सांगत होता. "मॅडमला सांगला, तं ती बोलली, बरोबर हाय."

"अरे, मॅडम भल्या आहेत म्हणून बोलल्या! गणितात सुचेल ते लिहिलं तर मार्क देतात का? लिहिलं नाही म्हणजे वाजवायचं नाही! तुझी वेळ आली की उभा राहा, वाद्य तोंडाला लाव, ताठ राहा. फुंकायचं नाही!"

"पन गुरुजी..."

"माझ्या भाकरीचा प्रश्न आहे, बाबा." हे मात्र गुरुजी हळूच म्हणाले.

चिंतूनं त्यांच्याकडे बघितलं आणि मान डोलावली.

शनिवारी मॅडम कार्यक्रमाला यायच्या आपल्या अमेरिकन पाहुण्यांना आणायला मुंबईला गेल्या होत्या. तालीम गुरुजींनीच घेतली, शिट्टीवर! चिंतू उभा राहिला, गप्प राहिला, बसला. अहाहा! एकसुद्धा चूक नाही! गुरुजींनी त्याच आनंदात रत्नाबाईला पत्र टाकलं, 'भांडी बांधायला घे.'

रविवारी चार वाजता हॉल गच्च भरला. पुढे ठाण्याचे साहेब, शेजारी भगवंतराव, त्यांच्या पलीकडे गुरुजी. मागे दाराशी सुका, नव्या धोतरात. पोराचं ऐकायला पाड्यावरून पहाटे चालत निघाला होता.

बँडनं दणका दिला. साहेबांची मान डोलू लागली. मग सगळे थांबले, ड्रम चालू राहिला, आणि चिंतू उभा राहिला. ट्रंपेट तोंडाला. ताठ. गप्प.

मॅडम हसून त्याला खुणावू लागल्या. चिंतू गप्प. ड्रमवाल्यानं आणखी एक फेरा मारला. मॅडमनी दोन्ही हातांनी खुणावलं. चिंतू गप्पच! तिसरा फेरा. आता मॅडमचं हसू मावळलं, आणि बँडातली सगळी पोरं ओळीनं गुरुजींकडे बघायला लागली.

तेव्हा गुरुजींच्या डोक्यात उजेड पडला. सगळा बँड त्या पोरासाठी थांबलाय! ती जागा कोरी नव्हती, ती त्याला दिलेली होती! आता गुरुजींनी नुसती मान डोलावली असती तरी पुरे होतं. चिंतूचे डोळे त्यांच्यावरच होते.

पण चूक झाली तर? शेजारी साहेब! गुरुजी खाली वाकले आणि बुटाची नाडी बांधत बसले. बांधलेलीच होती, ती सोडून पुन्हा बांधली.

"वाजव रं, पोरा!" मागून सुका ओरडला. कुणीतरी त्याला श्श् केलं. चिंतू शिकवल्याप्रमाणे खाली बसला, आणि बँडनं गाणं कसंबसं संपवलं.

"तो मुलगा गप्प का होता हो?" साहेबांनी विचारलं. भगवंतराव पांढरेफटक पडले. त्यांनी गुरुजींकडे बोट केलं.

"शि... शिस्त, साहेब," गुरुजी म्हणाले. "सांगितलं होतं, फुंकायचं नाही."

"वा!" साहेबांनी मांडीवर थाप मारली. "बाईंनी तीनदा खुणावलं, बाप ओरडला, तरी हलला नाही! अशी शिस्त जिल्ह्यात नाही! कुणी शिकवली? तुम्ही? कायम आहात ना?"

पंधरा दिवसांत ऑर्डर आली. कायम! शिवाय बँडही गुरुजींच्याच ताब्यात आला, कारण मॅडमनी तो सोडला होता. चिंतूकडून सगळं समजल्यावर त्यांनी वाद्यांच्या खोलीची किल्ली गुरुजींच्या टेबलावर ठेवली. आणि तडक निघून गेल्या.

रत्नाबाई भांड्यांसकट आली. साखर वाटून झाली. आणि एका दुपारी गुरुजी ट्रंपेट घेऊन चिंतूला शोधत वर्गात गेले. तो शाळेत यायचा, बँडात येत नव्हता.

"घे, बाळा. आता माझं काही अडलेलं नाही. तुला सुचेल ते वाजव. हवं तेवढं!"

चिंतूनं हात पाठीमागे घेतले.

"नको, गुरुजी," तो म्हणाला. "चूक व्हल."

गुरुजी ट्रंपेट धरून तसेच उभे राहिले. कुणीतरी येऊन आपला कान पिळावा, चार लोकांत दोन शिव्या घालाव्यात, असं त्यांना फार वाटलं. पण कायम झालेल्या मास्तरचा कान धरणार कोण?