नव्या हृदयाची चौकशी

नवीन हृदय बसवल्यावर पंधरवड्यानं माझ्या रक्तातला इंटरफेरॉन चौकशीसाठी बाहेर आला आणि पलंगाशेजारच्या स्टुलावर बसला. हे निरोप्याचं काम करणारं प्रथिन. स्वतः कोणाला हात लावत नाही. ‘आत परका शिरलाय’ एवढंच पेशींना कळवतं. मारामारी पेशी करतात.

“हृदय कोणाचं?” त्यानं विचारलं.

“माहीत नाही. दात्याचं नाव सांगत नाहीत.”

“आडनाव? गाव?”

“तेही नाही.”

खरं तर ‘आपलंच आहे’ म्हणून मोकळं व्हायचं. पण मी पडलो आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. गाव-आडनाव कळल्याशिवाय भाडेकरूला जिना चढू देत नाही. प्रथिनंही माझ्याच वळणावर गेली, याचा मला अभिमान वाटला. संध्याकाळी हृदयाला सूज आली, तेव्हा तो अभिमान उतरला.

डॉक्टर मुजुमदारबाईंनी औषध वाढवलं. “यानं या निरोप्यांचा आवाज खाली येतो, तोंड बंद होत नाही,” त्या म्हणाल्या. “शरीरानं असंच नाकारलं तर हे हृदय जाईल. दुसरं मिळेलच असं नाही. तुम्ही त्यांच्याशी जरा नीट बोला.”

“मी नीटच बोललो.”

“तेच तर,” माझी बायको कुमुद म्हणाली.

दुसऱ्या दिवशी इंटरफेरॉन पुन्हा आला. औषधामुळे आवाज बारीक झाला होता. मी घाईघाईनं सांगून टाकलं, “मावसभाऊ आहे माझा.”

“कोणत्या मावशीचा?”

मला मावशी नाही. कुमुदनं कपाळाला हात लावला.

“राहू द्या,” तो म्हणाला. “मी हृदयसाहेबांनाच विचारून आलो. उलट त्यांनीच तुमची चौकशी केली. हा माणूस कोण, कुठला, आणि याच्यासाठी मी का राबू?”

गाव, आडनाव, सेक्रेटरीपद, सगळं जिभेवर होतं. त्यातलं काही उपयोगाचं वाटेना. मला फार भीती वाटली.

“त्यांना सांगा,” मी म्हणालो, “त्यांच्यावाचून माझं चालणार नाही.”

“एवढाच निरोप?”

“एवढाच.”

तो आत गेला. कुमुद माझा हात धरून बसली. बऱ्याच वेळानं तो बाहेर आला.

“बरं म्हणालेत.”

“आणि पेशींना काय सांगणार?”

“चौकशी चालू आहे, संपेपर्यंत थांबा, म्हणून सांगतो,” तो म्हणाला. “तुम्ही आहात तोवर चालूच राहील.”