पती सोबत आहे काय?

मूल होण्यात पुरुषाचाही वाटा असतो, ही गोष्ट विज्ञानाला फार पूर्वीपासून ठाऊक होती. शासनाला ती परिपत्रक निघाल्यावर कळली. मालावी सरोवराच्या काठच्या एका आरोग्य केंद्रात हे परिपत्रक नेमके मंगळवारी पोचले, आणि मंगळवार हा गरोदर बायकांच्या तपासणीचा वार असल्यामुळे अंमलबजावणी तिथल्या तिथे सुरू झाली.

नियम साधा होता. नवऱ्यासह आलेलीची तपासणी आधी. एकटी आलेलीने नवरा का आला नाही याचा गावच्या मुखियाबाईंचा दाखला आणावा आणि बाकावर शेवटी बसावे. (बायकोविना एकटाच आलेला नवरा कुठे बसेल, याबद्दल परिपत्रक गप्प होते.)

अडचण एवढीच, की त्या भागातले नवरे त्या भागात नव्हते. निम्मे जोहान्सबर्गला खाणीत, बरेच मासेमारीला सरोवरावर. उरलेले घरीच असत, पण त्यांना मंगळवारी काम असे.

लायसन काप्येपा सायकल-टॅक्सी चालवायचा. मागच्या कॅरिअरवर जाड गादी होती आणि तो खड्डे चुकवून सावकाश जाई, म्हणून गरोदर बायका त्यालाच थांबवत. परिपत्रक येऊन दोन आठवडे झाले, तेव्हा फायनेस नावाच्या बाईने केंद्राच्या दारात उतरता उतरता विचारले, "दादा, अर्धा तास नवरा व्हाल का?"

"काय करावं लागतं?"

"शेजारी बसायचं आणि जांभया द्यायच्या नाहीत. आमच्या ह्यांना दोन्ही जमलं नसतं."

लायसन बसला, आणि त्याने जांभईही दिली नाही. पुढच्या पाच महिन्यांत तो चौदा बायकांचा नवरा झाला. (एका वेळी तीनपेक्षा जास्त घेत नसे; शिस्तीचा माणूस.) कोणाला कितवा आठवडा, कोणाला लोहाच्या गोळ्यांनी मळमळते, कोण मच्छरदाणी घेऊन ती कोबीच्या वाफ्यावर घालते, सगळे त्याला पाठ झाले.

परिपत्रकानुसार पतीचेही रक्त तपासत. लायसनचे बोट चौदा वेळा टोचले गेले आणि रक्त चौदाही वेळा निर्दोष निघाले. त्यामुळे पाच खाणकामगार, सहा कोळी आणि ठावठिकाणा नसलेले तिघे, असे चौदा पुरुष त्यांच्या नकळत एचआयव्हीमुक्त झाले. इतक्या थोड्या रक्तात एवढे कार्य जगात अन्यत्र झालेले नसावे.

सिस्टर मागोम्बोंना हे ठाऊक नव्हते असे कोणी म्हणणार नाही.

"आज कोण?" त्या वही उघडत विचारत.

"बेन्सन म्वाले, सिस्टर."

"बसा, बेन्सन. गोळ्यांचं मागच्या खेपेला समजावलं होतं."

"ते मी यासिनी असताना. पण माझ्या लक्षात आहे."

पतींची उपस्थिती नऊ टक्क्यांवरून एक्क्याण्णववर गेली.

लायसनची स्वतःची बायको एनेलेसी याच सुमारास पोटुशी होती. "मंगळवारी चला की माझ्यासोबत," ती एकदा म्हणाली.

"मंगळवारी? मला तिघींना न्यायचंय."

"कुठे?"

यावर लायसन सायकलची साखळी बघू लागला. एनेलेसीने दाखला आणला. मुखियाबाईंनी लिहिले होते : 'पती हयात आहे. मंगळवार सोडून उपलब्ध.' ती चालत जाई आणि शेवटी बसे. तिचा नंबर लागेतो लायसन पुढच्या रांगेतून मोकळा होऊन निघून गेलेला असे.

एका मंगळवारी राजधानीहून पाहुणे आले. एक्क्याण्णव टक्के कसे दिसतात, हे त्यांना पाहायचे होते. सिस्टरनी आदर्श पती म्हणून लायसनला उभे केले, त्यामुळे तो दुपारपर्यंत अडकला. त्याने धोक्याची लक्षणे सांगितली : डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावर सूज.

"सूज कशी ओळखायची?" मुख्य पाहुण्यांनी विचारले.

पुढच्या बाकावर सगळ्यांचे पाय ठणठणीत होते. लायसन मागे गेला, शेवटच्या बाईच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला, आणि भरून येईना. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. लायसनने वर पाहिले. एनेलेसी होती.

"डोकं दुखतंय?" त्याने हळूच विचारले.

"तीन दिवस झाले."

"सांगितलं नाहीस."

"काल सांगितलं. तुम्ही फायनेसच्या तारखा मोजत होता."

लायसन उठला. "ही माझी बायको आहे," तो म्हणाला.

मुख्य पाहुण्यांनी वही पाहिली. "तुमच्या पत्नी पुढे बसल्या आहेत."

लायसनने सिस्टरना ओढत आणले. रक्तदाब एकशे सत्तर निघाला. केंद्रात वाहन एकच होते, पाहुण्यांचे. त्यात एनेलेसीला घातले आणि लायसन तिचे डोके मांडीवर घेऊन बसला.

"कितवा आठवडा?" जिल्हा रुग्णालयाच्या दारात डॉक्टरांनी विचारले.

चौदा बायकांचे आठवडे लायसनच्या ओठांवर होते. पंधरावीचा नव्हता.

"चौतिसावा," एनेलेसी स्ट्रेचरवरून म्हणाली.

रखवालदाराने एनेलेसीचे तपासणीचे कार्ड पाहून लायसनला अडवले. "कार्डावर पती सोबत नाही असं आहे. तुम्ही कोण?"

लायसन स्ट्रेचरची कड धरून उभा राहिला.

"सायकलवाला आहे," एनेलेसी म्हणाली. "आत येऊ द्या त्याला. हात धरायला कोणीतरी हवं."

संध्याकाळी मुलगी झाली. वजनाने कमी, आवाजाने पुरेशी. एनेलेसी वाचली. दोन दिवस ती लायसनशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पेज भरवताना त्याने थोडी सांडली, तेव्हा म्हणाली, "चमचा नीट धरा." लायसनला त्यावर रडू आले, पण चमचा त्याने सोडला नाही.

अहवाल यथाकाल छापून आला. त्यात फायनेस वगैरे चौदा जणी आदर्श जोडप्यांत आहेत. एनेलेसी उरलेल्या नऊ टक्क्यांत आहे, ज्यांचे पती 'अद्याप उदासीन' आहेत.

हे वाचून हसलेल्या पुरुष वाचकांसाठी अहवालाच्या शेवटी एक कोरी ओळ ठेवलेली आहे. आपल्या पत्नीच्या त्या नऊ महिन्यांत तिचे डोके कोणत्या दिवशी दुखले होते, ते तिथे लिहावे. आतल्या खोलीत हाक मारून विचारू नये.