डब्यातला फोन

तंजावरात कुठल्याही दुकानाची पायरी चढण्याआधी आमच्या शेजारच्या अंबू अक्का आपला फोन स्टीलच्या डब्यात घालतात, घट्ट झाकण लावतात आणि मगच आत शिरतात. विक्रेत्यांना वाटतं, बाईंनी जेवण आणलंय. एकाने तर पाण्याचा पेलाही आणून ठेवला होता.

अक्का शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या. दुकानाचं फुकट वायफाय म्हणजे चौकात मोठ्याने वाचलेलं पत्र, असं त्यांचं मत, आणि बंद स्टीलच्या डब्यात त्याच्या लहरी शिरत नाहीत हा विश्वास. "आपलें कोणाला द्यायचें नाही," हे त्या आपल्या तंजावरी मराठीत भाजीवाल्यालाही ऐकवतात. मात्र दुकानातल्या गारव्यात बसून त्याच फुकट वायफायवर वीणा ऐकायची हौस दांडगी. त्यासाठी पिशवीत दुसरा, जुना फोन. त्यात ना बँक, ना फोटो, ना कुणाचे नंबर. वायफायने नाव, नंबर, जन्मतारीख विचारली की त्या फोनचा नंबर आणि वारलेल्या यजमानांचं, गोविंदरावांचं नाव देऊन मोकळ्या. मी संगणकवाला माणूस. मला हसू आवरत नसे.

ते हसू दिवाळीआधी जिरलं. बहिणीच्या साखरपुड्याची साडी घ्यायला दक्षिण राजवीथीवरच्या एका दुकानात गेलो, पारख करायला अक्कांना नेलं. तळघरात रेंज नव्हती आणि बहिणीला फोटो पाठवायचा होता. वायफायच्या यादीत दुकानाचं नाव दोनदा दिसलं. त्यातलं एक जोडलं. त्याने नाव विचारलं, नंबर विचारला, मग ईमेल आणि त्याचा पासवर्डही. माझं सगळं ऑफिस त्या ईमेलमध्ये. घाईघाईत निम्मा पासवर्ड टाइप केलाही होता, तेवढ्यात अक्कांनी माझं मनगट धरलं.

"नांव विचारलें, सरी, ठीक. नंबर विचारला, सरी. घराची किल्ली कशाला विचारतें रे?"

मी टाइप केलेलं पुसून टाकलं. अक्का तडक गल्ल्यापाशी गेल्या आणि मॅनेजरला विचारलं, तुमची वायफाय किती? तो म्हणाला, एकच, आणि ते पासवर्ड मागत नाही. झालं! अक्कांनी शाळेतल्या आवाजात तमिळमधून फर्मान सोडलं: दुसरं वायफाय चोराचं आहे, सगळ्यांनी फोन खाली ठेवा. तळघरातली बोटं जागच्या जागी थांबली. मॅनेजरने तिथल्या तिथे पाटी लावली, अक्कांना मऊ खुर्ची दिली, फिल्टर कॉफी मागवली. मांडीवर डबा घेऊन अक्का राणीसारख्या बसल्या आणि मी पिशव्या धरून शेजारी उभा राहिलो.

पोंगलनंतर एका सकाळी, तसला डबा कुठे मिळतो ते विचारायला मी त्यांच्याकडे गेलो. टेबलावर शिऱ्यासारखी ताजी केसरी होती आणि जुना फोन सारखा वाजत होता. अक्का एकेक संदेश मोठ्याने वाचत होत्या. चपलांचं दुकान, चष्म्यांचं, साड्यांचं. सगळ्यांकडून गोविंदरावांना वाढदिवसाच्या शुभेच्छा. स्वतःचं काही न देणाऱ्या अक्का ही एक तारीख मात्र सगळीकडे खरी देत आल्या होत्या.

"नऊ दुकानें," त्या विजयाने म्हणाल्या. "गेल्या वर्षीं सहाच होतीं."

मला सायकल गोविंदरावांनी शिकवली होती, आणि मला तारीख ठाऊक नव्हती. फार लाज वाटली. मी फोन काढून ती लिहून घेऊ लागलो. अक्कांनी आधी माझं वायफाय बंद आहे ना ते पाहिलं. मग केसरीची वाटी पुढे केली.

"म्हण की मग," त्या म्हणाल्या. "दहावा तूं."