शंभर टक्के पारदर्शक रेणू

डिचोली तालुक्यातल्या एका औषधनिर्माण महाविद्यालयात प्रभावती गावकर कंत्राटी प्राध्यापिका होत्या. प्रथिनाच्या खोबणीत औषधाचा रेणू नेमका कुठे बसतो, हे फळ्यावर काही केल्या मुलांना कळेना. म्हणून बाईंनी दोन महिने खपून संगणकावर चित्र उभं केलं. बाहेरचं निळं आवरण चाळीस टक्के पारदर्शक, आत लालभडक औषध. मुलं हरखली. त्याच आठवड्यात तपासणी समिती आली. बाईंची मुदतवाढ समितीच्या अहवालावर अवलंबून होती.

समितीप्रमुख प्रमोद केरकरांनी चष्मा पुसून पडदा न्याहाळला. "चाळीस टक्के? मग उरलेल्या साठ टक्क्यांत काय लपवलंय?"

"काही नाही सर. आवरणाचा आकार दिसायला हवा ना, म्हणून..."

"परिपत्रक वाचलंत? कामकाज पूर्ण पारदर्शक हवं."

बाईंनी आकडा शंभरावर नेला. आवरण नाहीसं झालं.

केरकर पुढे वाकले. "आणि हा आतला लाल कोण? त्याला वेगळा नियम?"

"सर, ते औषध आहे."

"कुणी का असेना. भेदभाव चालणार नाही."

औषधही गेलं. काळ्याभोर पडद्याकडे पाहून समिती प्रसन्न झाली.

चहा घेऊन आलेला शिपाई बाबली दारातच थबकला. "बाई, मशीन बंद पडला काय? माका तर कायच दिसणा नाय."

'कर्मचाऱ्यास पारदर्शकतेची जाण नाही,' असा शेरा पडला आणि बाबलीची तीन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी म्हापशाला रवानगी झाली. परत आल्यावर तो म्हणाला, "आता दिसता."

चित्र 'आदर्श नमुना' ठरलं, बाईंना मुदतवाढ मिळाली. वार्षिक परीक्षेत प्रश्न आला: औषधाची जागा आकृतीने दाखवा. आदर्श नमुन्याबरहुकूम सगळ्यांनी पान कोरं ठेवलं आणि पैकीच्या पैकी गुण घेतले. एकट्या अंकिताने जुनं चित्र आठवून निळं आवरण काढलं, आत लाल औषध अचूक बसवलं. ते पाहून बाईंचा ऊर भरून आला. मग त्यांनी कोरी नमुना उत्तरपत्रिका काढली आणि शून्य दिलं.

अंकिता आता कोरगावला घरच्या काजूच्या बागेत असते. बाकीचे सगळे पास होऊन ठिकठिकाणच्या औषधांच्या दुकानांत उभे आहेत. परवा खोकल्याचं औषध घेताना तुम्ही त्यांच्यातल्याच एकाला विचारलंत, किती चमचे घेऊ? तो नुसता गोड हसला. मुलगा नम्र आहे, असं घरी येऊन सांगितलंत, आणि अंदाजाने दोन चमचे घेतलेत.