शेपटीकडून वाचलेल्या म्हशी

करंजवड्याच्या जनावरांच्या दवाखान्यातली जुनी फाईल नव्या कॉम्प्युटरवर उघडली, त्या सकाळपासून गावातल्या सगळ्या म्हशी उलट्या चालू लागल्या. शेपूट पुढे, तोंड मागे. ओढ्यावर मात्र नेहमीच्या वेळेला पोचल्या, त्यामुळे पहिल्या दिवशी कुणी फारशी कुरकुर केली नाही.

दुसऱ्या दिवशी यमुनाकाकी शेलार आली. कारकून गणपुल्यांनी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही.

"माज्या चंद्रीचं दिवस भरल्यात, सायेब. उलट्या म्हशीच्या पोटातलं रेडकू भाईर येतंय का आनखी आत जातंय, तेवढं मला लिवून द्या. मागल्या खेपेचं उधळून गेलं ते गावलंच न्हाई. आता ह्ये बी जायाचं?"

गणपुल्यांनी नियमांचं पुस्तक चाळलं. उलट्या म्हशींबद्दल त्यात काही नव्हतं. मग त्यांनी तालुक्याहून कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मुजावरला बोलावलं. मुजावरने आधी चहा संपवला.

"जुना कॉम्प्युटर जनावर शेपटीकडून लिहायचा आणि शेपटीकडूनच वाचायचा. नवा तोंडाकडून वाचतो. तुम्ही फाईल उचलून जशीच्या तशी ठेवलीत. त्याने शेपटीलाच तोंड धरलं. त्याचं काही चुकलं नाही."

"मग कुणाचं चुकलं?"

"कुणाचंच नाही. म्हणून तर निस्तरायला वेळ लागतो."

उपाय एकच होता. जुन्याने एकेक म्हैस साध्या मराठीत सांगायची आणि नव्याने ती आपल्या रीतीने लिहून घ्यायची. जुन्याच्या पडद्यावरून मुजावर वाचू लागला, "कानातला बिल्ला नंबर एक. काळी. डावं शिंग मोडकं." गणपुल्यांनी नव्यावर ते टंकलं. बाहेर रस्त्यावर एक म्हैस सुलटी झाली. एकूण म्हशी चार हजार एकशे सोळा. चंद्री शेवटची.

तिसऱ्या दिवशी नऊशे बारावी म्हैस लिहून झाली, तेवढ्यात चंद्री कण्हत उलटी दवाखान्याच्या अंगणात शिरली, सोबत काकी. रेडकाचे दोन खूर बाहेर दिसले आणि पुन्हा आत गेले.

"आता तरी हिला घ्या!"

"काकी, क्रम आहे."

"क्रमाला काय चुलीत घालू?"

सत्तावीस वर्षांत गणपुल्यांनी एकही नंबर ओलांडला नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि नऊशे तेरावी सोडून चंद्री लिहिली. चंद्री जागच्या जागी वळली आणि व्याली.

रेडी झाली. उभी राहिली, पण चालेना.

"नोंदच नाही, तर चालणार कशी?" मुजावर म्हणाला.

गणपुल्यांनी रीतसर विचारलं, "काकी, नव्या फायलीत लिहिली तर सुलटी चालेल, जुन्या फायलीत लिहिली तर उलटी. कुठं लिहू?"

काकी रेडीच्या ओल्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"दोन्हीत लिवा," ती म्हणाली.

नऊशे तेराव्या म्हशीच्या मालकाने लेखी हरकत घेतली आहे. ती क्रमाने ऐकली जाईल. रेडी एक पाऊल पुढे टाकते, एक मागे. सकाळी काकी तिला जिथे सोडते, तिथेच ती संध्याकाळी असते.